मान्साना: सफरचंद, ब्लॉक की पावणेदोन एकर?

स्पॅनिश कागदपत्रे भाषांतराला देणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

मेक्सिको, पेरू किंवा ग्वाटेमालाशी व्यवहार असेल तर ‘मान्साना’ हा शब्द आज ना उद्या आपल्या कागदांत येणारच. स्पेनच्या बऱ्याच भागांत त्याचा उच्चार ‘मान्थाना’ असा होतो. शब्दकोशात पहिला अर्थ सफरचंद, आणि बाजारात ‘उन किलो दे मान्सानास’ म्हटले की एक किलो सफरचंदेच मिळतात. व्यापाराच्या कागदांत मात्र हे फळ क्वचितच दिसते.

पत्त्यातला मान्साना

चारी बाजूंनी रस्ते आणि मधे घरे, अशा चौकोनालाही मान्सानाच म्हणतात. नव्या वसाहतींत घरांना रस्त्याप्रमाणे क्रमांक नसले, की पत्ता ‘मान्साना ५, लोते १२’ असा लिहितात. लोते म्हणजे प्लॉट. नवी मुंबईतल्या सेक्टर आणि प्लॉटसारखीच ही सोय. बिलांवर एवढेही लिहीत नाहीत. ‘एमझेड’ आणि ‘एलटी’ अशी दोन-दोन अक्षरे असतात. मेक्सिकोतल्या कानकून शहरात तर आधी ‘सुपरमान्साना’चा क्रमांक, मग मान्साना, मग लोते.

पत्त्यातला हा शब्द आम्ही भाषांतरित करत नाही. ‘हा शब्द तसाच का ठेवलात?’ असे विचारले जाते म्हणून सांगतो: पार्सलावरचा पत्ता शेवटी तिथला टपालवाला वाचणार आहे. आपल्या माहितीसाठी अर्थ हवा असेल तर तळटीप देतो. खोक्यावर मात्र मूळ अक्षरेच छापा, आणि मान्सानाचा क्रमांक गाळू नका. १२ नंबरचा प्लॉट प्रत्येक ब्लॉकमध्ये असू शकतो.

जमिनीच्या कागदातला मान्साना

इथे चूक महागात पडते, म्हणून जरा सविस्तर. ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या देशांत मान्साना हे शेतजमिनीचे माप आहे. १०० वारा लांब आणि १०० वारा रुंद, म्हणजे १०,००० चौरस वारा. ‘वारा’ हे जुने स्पॅनिश लांबीचे माप, मीटरपेक्षा थोडे आखूड. त्याची लांबी देशागणिक किंचित बदलते, पण एक मान्साना साधारण ७,००० चौरस मीटर धरायला हरकत नाही. आपल्या हिशेबात ०.७ हेक्टर, पावणेदोन एकरांना जरा कमी, ६९ गुंठे.

ठिबक संच, फवारणी यंत्रे किंवा बियाणे पाठवणाऱ्यांनी चौकशीपत्रातला ‘१० मान्सानास’ हा आकडा १० एकर समजून दर दिला, तर माल जवळजवळ निम्म्यावरच संपेल. खरे क्षेत्र सव्वासतरा एकर आहे.

त्याहून फसवा शब्द शेजारीच असतो: ‘किंताल’. दिसायला आपला क्विंटल, पण मध्य अमेरिकेतला किंताल १०० किलोंचा नसून १०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४६ किलोंचा. समजा, कॉफीच्या मळ्याच्या अहवालात ‘दर मान्सानाला २० किंताल’ असे लिहिले आहे. २० किंताल म्हणजे ९२० किलो, ते ६९ गुंठ्यांत. एकरी उत्पादन झाले सुमारे ५३० किलो, आपले सव्वापाच क्विंटल. नुसते शब्द बदलून ‘एकरी २० क्विंटल’ लिहिणारा भाषांतरकार आकडा जवळजवळ चौपट करून ठेवतो. (कॉफीवाल्यांसाठी आणखी एक: किंतालाच्या पुढे ‘ओरो’ असेल तर सोने शोधू नका. ओरो म्हणजे टरफल काढलेली हिरवी कॉफी, ‘पेर्गामिनो’ म्हणजे टरफलासकट. दोन्हींच्या वजनात साधारण पाचव्या हिश्शाचा फरक पडतो.)

अशा कागदांत आम्ही मूळ माप तसेच ठेवतो आणि शेजारी कंसात हेक्टर व किलो देतो. मूळ आकडा खोडत नाही. वाद झालाच तर तोच पाहिला जातो.

सहलीच्या कागदांतला मान्साना

बार्सिलोनाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘मान्साना दे ला दिस्कोर्दिया’ दिसेल. पासेच दे ग्रासिया रस्त्यावरच्या ज्या ब्लॉकमध्ये वास्तुकार गौदीचे कासा (म्हणजे घर) बात्यो, पुच इ कादाफाल्कचे कासा आमात्येर आणि दोमेनेक इ मुन्तानेरचे कासा य्येओ मोरेरा आहे, त्याचे हे नाव. दिस्कोर्दिया म्हणजे भांडण; ग्रीक पुराणातल्या भांडण लावणाऱ्या सफरचंदावर केलेली ही कोटी. ती फक्त स्पॅनिशमध्ये जमते, कारण बार्सिलोनाच्या स्थानिक कातालान भाषेत ब्लॉक म्हणजे ‘इया’ आणि सफरचंद म्हणजे ‘पोमा’. अर्जेंटिनात कोर्दोबाची ‘मान्साना हेसुइतिका’ हा जेझुइटांनी उभारलेला ब्लॉक. तो २००० साली जागतिक वारशाच्या यादीत आला. वाट विचारलीत तर तिकडे ‘त्रेस क्वाद्रास’ असे उत्तर येईल, म्हणजे तीन ब्लॉक पुढे. स्पेनमध्ये मात्र क्वाद्रा म्हणजे घोड्यांचा तबेला, तेव्हा तिथे हा शब्द वापरू नका.

आम्हाला काय पाठवावे

फक्त ती एक ओळ पाठवू नका, पूर्ण पान पाठवा. कागद कोणत्या देशातला आहे आणि तो कशासाठी हवा आहे (पार्सल, करार, कर्जाचे प्रकरण की प्रवास), हेही लिहा. शिक्का किंवा हस्ताक्षर पुसट असेल तर फोटोऐवजी स्कॅन द्या. ‘एमझेड’च्या पुढचा १ आणि ७ हाताने लिहिलेला असला की फोटोत हमखास एकसारखा दिसतो.