जंगल नसलेल्या मुलखातल्या आरागिरण्या: मराठवाड्यातल्या लाकूड कटाईची पार्श्वभूमी

मराठवाड्यात आरागिरणीच्या नव्या परवान्याचा विषय निघाला की बोलणे हटकून २००२ सालापाशी येऊन अडते. त्या वर्षीच्या एका आदेशाने हा धंदा आहे त्या आकड्यावर गोठवला. आदेश होता जंगले वाचवण्यासाठी. पण किनवट-माहूरचा पट्टा आणि गौताळा-अजिंठ्याच्या डोंगरांतला भाग सोडला, तर मराठवाडा म्हणजे बहुतेक काळे रान, माळ आणि गायरान. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्कासुद्धा भरत नाही. तरीही तालुक्याच्या गावी, बहुधा गावाबाहेरच्या रस्त्याला, एखादी आरा मशीन असतेच. तिच्याकडे येणारा ओंडका बांधावरचा असतो, ओढ्याकाठचा असतो, रस्त्याच्या कडेचा असतो, नाहीतर पडलेल्या वाड्यातला. पुढचे सगळे वाद याच एका गोष्टीतून निघाले आहेत.

निजामाच्या काळात फार रेंगाळण्याचे कारण नाही. हैदराबाद संस्थानाचा जंगल कायदा वेगळा होता, फसली १३५५ चा, म्हणजे इसवी सन १९४५ च्या सुमाराचा. आज नांदेड जिल्ह्याचे म्हणून जे सागाचे जंगल दाखवले जाते, ते किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते मराठवाड्याकडे आले. म्हणजे या विभागाच्या वाट्याचा बराचसा साग नकाशावरच्या रेघेने मिळालेला आहे. महाराष्ट्र झाल्यावर १९२७ चा भारतीय वन कायदा इथेही लागू झाला आणि कागदोपत्री सगळे राज्य एका चौकटीत बसले.

लाकडाचा खरा व्यवहार या कायद्यांच्या बाहेरच होता. शेतकऱ्याला सागवान क्वचित लागायचे, बाभूळ रोज लागायची. गाडीचा तुंबा, आरे, पुठ्ठे, नांगर, तिफण, जू या सगळ्याला बाभळीसारखे चिवट लाकूड नाही. बांधावरची बाभूळ तोडायची, ओंडका काही महिने विहिरीत किंवा डोहात मुरवायचा म्हणजे किडा लागत नाही, आणि मग सुताराकडे न्यायचा. लिंब, म्हणजे कडुलिंब, दारे-खिडक्यांना, आंबा फळ्यांना, आणि चिंचेचा बुंधा खाटकाच्या ओंडक्याला. फळ्या पाडायच्या तर दोन माणसे करवत घेऊन दिवसभर ओढत बसायची. डिझेल इंजिन आणि मागोमाग वीज आली तशी ही ओढाताण मशीनवर गेली. सुरुवातीच्या कितीतरी गिरण्या सुताराच्या नाहीतर पिठाच्या गिरणीवाल्याच्या घरातूनच निघालेल्या आहेत. एक इंजिन, एक पट्टा, त्यावर दिवसा दळण आणि आडवारी कटाई.

१९६४ साली राज्याने खासगी जमिनीवरच्या झाडतोडीवर नियंत्रण आणणारा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत सोळा प्रकारची झाडे आहेत: साग, चंदन, खैर, मोह, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, हिरडा, फणस, जांभूळ, आंबा, चिंच आणि खारफुटी. यादी कोकण आणि विदर्भ समोर ठेवून केलेली दिसते. खारफुटी आणि किंजळ मराठवाड्यात कोणी पाहिलेली नाहीत. इथे रोज कापली जाणारी बाभूळ आणि लिंब त्या अनुसूचीत नाहीत, पण आंबा आणि चिंच आहेत, आणि जुन्या आमराया व चिंचेची मोठी झाडे हाच गिरणीचा जाड माल. त्यातून एक घोळ कायमचा बसला: तोडीची परवानगी एका कायद्याखाली आणि वाहतुकीचा पास दुसऱ्या. अनुसूचीत नसलेले झाड तोडायला कोणी अडवत नाही म्हणून शेतकरी निश्चिंत असतो, आणि ट्रॅक्टर रस्त्यावर आला की कागद विचारला जातो. गिरणीवाल्याला त्याच्याही पुढे आवक-जावक नोंदवहीत ओंडका कोणत्या गटातून आला, जात कोणती, लांबी-घेर किती, हे लिहून ठेवावे लागते. माल कितीही साधा असो, सातबारा सोबत असला तरच तो आवारात घ्यायचा, ही शिस्त जुने लोक अजून पाळतात.

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप या धंद्याच्या इतिहासात सहसा धरला जात नाही. धरायला हवा. लातूर-उस्मानाबादकडचे जुने घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद: खांबांवर तुळया, त्यावर कड्या आणि किलचण म्हणजे बारीक लाकडांचा थर, आणि वर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी आणखी माती टाकत गेल्याने तो थर फुटा-दोन फुटांवर जायचा. त्या पहाटे भिंती ढासळल्या आणि हे सगळे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. जिथे खांब-तुळयांचा सांगाडा पक्का होता, तिथे भिंत पडूनही छत काही ठिकाणी उभे राहिले, हे पाहणीत दिसले होते. लोकांच्या मनात मात्र दगड, माती आणि लाकूड एकाच गाठोड्यात बांधले गेले. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, ती काँक्रीट आणि विटांची. शेजारच्या तालुक्यांतही माळवद उतरवून स्लॅब टाकण्याची घाई झाली.

गिरणीला त्याचे दोन परिणाम झाले. तुळई आणि कडी कापून नेणारे गिऱ्हाईक संपत गेले, राहिली चौकट आणि सेंट्रिंगची फळी. दुसरीकडे उतरवलेल्या माळवदांचे आणि वाड्यांचे जुने लाकूड बाजारात आले. जुन्या वाड्याची सागाची तुळई वरून काळी, धुरकट दिसते, पण पात्याखाली गेली की आतून तांबूस पिवळा गाभा निघतो. इतकी वर्षे छताखाली वाळलेले लाकूड नव्या ओंडक्यासारखे पिळत नाही, तडकत नाही. मराठवाड्यातल्या गिरण्यांचे हे जंगल, आणि ते पुन्हा उगवणारे नाही. असा माल आणताना वाड्याच्या मालकाची पावती घ्यायला लोक विसरतात आणि मग जुने लाकूड हे जुनेच आहे हे पटवून देत बसतात.

आता मुख्य वादाकडे. १९९५ साली केरळातल्या निलांबूरच्या एका जमीनदाराने निलगिरी जिल्ह्यातल्या तोडीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्यावर १२ डिसेंबर १९९६ ला जो आदेश झाला त्याने देशभरातल्या वनव्यवहाराची व्याख्याच बदलली. ‘वन’ म्हणजे केवळ अधिसूचित जंगल नव्हे. शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल, आणि सरकारी दप्तरी ज्याची वन म्हणून नोंद, ते सगळे, मालकी कोणाचीही असो. केंद्राच्या मंजुरीवाचून अशा क्षेत्रातल्या आरागिरण्या बंद. मराठवाड्याला याची झळ मुख्यतः किनवटकडे बसली, बाकीच्यांनी बातमी वाचली आणि घडी घालून ठेवली.

खरा घाव ३० ऑक्टोबर २००२ चा. न्यायालयाने त्याच वर्षी स्थापलेल्या समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही राज्याने आरागिरणी, व्हेनियर किंवा प्लायवूडचा नवा कारखाना उघडू देऊ नये, असा तो आदेश होता. यात जंगलापासून किती लांब हा प्रश्न नव्हता. जंगलाला लागून असलेले माहूर आणि जवळपास एकही वन नसलेले औसा यांना एकच कुलूप लागले. या आदेशाची बाजू घेणारे म्हणतात की गिरणी वाढली की ओंडक्याची भूक वाढते, आणि भुकेली गिरणी सातबारा बघत नाही. किनवटच्या बाजूची चोरटी तोड लक्षात घेतली तर हे म्हणणे खोडून काढता येत नाही. पण औशाच्या गिरणीवाल्याने बांधावरची बाभूळ न कापल्याने कोणते जंगल वाचले, याचे उत्तर त्या बाजूने कधी नीट आलेले नाही.

झाले असे की ३० ऑक्टोबर २००२ पूर्वीचा परवाना हीच मालमत्ता होऊन बसली. मशीनला भंगाराचा भाव आणि कागदाला सोन्याचा. ज्याचा धंदा बुडाला तो परवाना सोडेना, कारण सोडला तर पुन्हा मिळणार नाही. मग परवाना भाड्याने, भागीच्या नावाखाली, वारसा नोंदीच्या वादात अडकलेला, असे सगळे प्रकार सुरू झाले. गाव वाढून गिरणी वस्तीत आली, शेजारी आवाजाच्या तक्रारी करू लागले, तरी गिरणी हलवायची तर स्थलांतराची वेगळी मंजुरी. शिकलेला सुतार पोरगा, हाताशी कर्ज, गावात माल, पण परवाना नाही म्हणून तो कोणाच्या तरी मशीनवर मजुरीने कापतो, किंवा रात्री शेडचे दार लावून. विनापरवाना मशीनला सील लागल्याच्या बातम्यांत पकडले जाणारे बहुतेक या दुसऱ्या प्रकारचे.

शेतकऱ्याचे नुकसान याहून कमी बोलले गेले. झाड बहुधा उभेच, उक्ते विकले जाते. व्यापारी बुंध्याला मिठी मारतो, वर बघतो, आकडा सांगतो. जवळ गिरणी असेल तर तो घनफुटाचा हिशेब मनात धरतो, नसेल तर जळणाच्या टनाचा. चाळीस वर्षांची बाभूळ वीटभट्टीत जाणे आणि तिच्या फळ्या होणे यांतला फरक पुष्कळदा गिरणी वीस किलोमीटरवर आहे की सत्तर, एवढाच असतो. त्यात मोजणीची रीतही विकणाऱ्याच्या बाजूची नाही. व्यापारात घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. ४८ इंच घेर, १० फूट लांबी: चौथाई १२ इंच, म्हणजे १ फूट गुणिले १ फूट गुणिले १०, दहा घनफूट. गोल ओंडक्याचे खरे घनफळ पावणेतेरा घनफुटांच्या आसपास भरते. साल आणि फाकटांची, म्हणजे ओंडक्याच्या कडेच्या उतरत्या तुकड्यांची, ती तूट आधीच धरलेली असते असे गिरणीवाले सांगतात. ती फाकटे जळणाला विकली जातात आणि भुसाही फुकट जात नाही, हे मात्र ओघात राहून जाते.

गेल्या दशकात ओंडक्याचा मोठा पुरवठा रस्त्यांनी केला. सोलापूर-धुळे महामार्ग आणि त्याला येऊन मिळणारे रस्ते रुंद होताना लिंब, चिंच, वड यांच्या जुन्या रांगा लिलावात निघाल्या. माल मोठा, पण रस्त्याचे झाड कापणे म्हणजे जुगार. लातूरकडच्या झाडांत क्लासच्या आणि वसतिगृहांच्या पाट्यांचे खिळे खोडाच्या आत गेलेले असतात, वर साल धरलेली. पाते खिळ्याला लागले की कर्रकन एक आवाज होतो आणि दहा-बारा दात जातात. पाते उतरवायचे, घासायचे, दात मुरडायचे, अर्धा दिवस गेला. म्हणून मुरलेले कारागीर असा ओंडका ट्रॉलीवर घेण्याआधी निळसर-काळे डाग शोधतात. लोखंड आत असले की लाकूड भोवती काळवंडते. रस्त्याचा पुरवठा एकदाच मिळणारा होता आणि तो आता ओसरला आहे. बांधही यंत्राने सपाट होत चालले आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना-औरंगाबादकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या तेव्हा लाकूड ढिगाने निघाले, पण त्याची फळी होत नाही, ते जळणच.

मागणीही बदलली. गाडी लोखंडाची आणि टायरची झाली, तिफण लोखंडाची झाली. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांना पेट्या आणि पॅलेट लागतात, त्याला सुबाभूळ, निलगिरी आणि बंदरावरून आलेले पाइन चालते. चौकटीचा साग बल्लारपूरच्या डेपोतल्या लिलावातून नाहीतर गांधीधामहून कापलेलाच येतो. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केल्यावर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचा साग त्याच नावाने विकला जाऊ लागला. बायको माहेरहून आणलेल्या जुन्या पलंगाशी तुलना करते तेव्हा फरक कळतो.

परवान्याची गाठ २०१५-१६ मध्ये थोडी सैल झाली. ५ ऑक्टोबर २०१५ च्या आदेशाने निर्णय राज्य पातळीवरच्या समित्यांकडे आला, आणि ११ नोव्हेंबर २०१६ ला केंद्राने लाकूड आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत अधिसूचित वनापासून दहा किलोमीटरचे अंतर आणि लाकडाच्या उपलब्धतेचा अंदाज हे दोन मुद्दे कळीचे आहेत. अंतराचा निकष मराठवाड्याच्या सोयीचा. उपलब्धतेचा नाही, कारण बांधावरच्या झाडाची मोजदाद अंदाजाने होते, आणि अंदाज कमी निघाला की नवा परवाना तिथेच थांबतो. ज्या मुलखात झाड शेतात आहे तिथे मोजणारा मात्र जंगल मोजायला शिकलेला, अशी ही गंमत.

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विनापरवाना तोडीचा एक हजाराचा दंड पन्नास हजारांवर नेण्याचे ठरवले, तेव्हा शेतकऱ्यांतून ओरड झाली ती याच जुन्या घोळामुळे: कोणत्या झाडाला परवानगी लागते हेच गावात धड माहीत नाही. वाहतुकीच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये देशभरासाठी ऑनलाइन पासची व्यवस्था सुरू झाली. देगलूर, उदगीर आणि उमरग्याच्या गिरण्यांना तिचा उपयोग इतरांपेक्षा जास्त, कारण त्यांचा निम्मा शिवार तेलंगण-कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेला आहे आणि बिदरकडचा ओंडका आणायचा तर आधी दोन राज्यांचे कागद जुळवावे लागत.