मोठं रिम म्हणजे कमी हवा

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी जुनी मर्सिडीझ सी-क्लास घेतली. डब्ल्यू २०५ पिढीची, चाकणच्या कारखान्यात जोडलेली, आधीच्या मालकाने नीट सांभाळलेली. महिन्याभरात त्याने तिची १७ इंची चाकं काढून १९ इंची अलॉय बसवले. "मामा, आता बघा गाडी कशी दिसते," म्हणत फोटो पाठवला. गाडी खरोखर देखणी दिसत होती. मग जुलै आला. पाण्याखाली दडलेल्या एका खड्ड्यात डावीकडची दोन्ही चाकं आपटली. दोन्ही टायरांच्या कडेला लिंबाएवढे फुगे आले आणि पुढच्या रिमची कड आत वळली.

चाकं विकणाऱ्याने टायरला दोष दिला, टायरवाल्याने खड्ड्याला. मला त्या घटनेत सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते टायरच्या कडेवर छापलेले आकडे. महागड्या गाडीला बाहेरून चाकं घेताना लोक रंग, आऱ्यांची नक्षी आणि किंमत बघतात, आणि हे आकडे वाचायचे राहून जातात.

भाच्याच्या गाडीचं मूळ माप होतं २२५/५० आर १७. टायरची रुंदी २२५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ५० टक्के म्हणजे साधारण ११२ मिलिमीटर, आणि रिमचा व्यास १७ इंच. नवं माप होतं २३५/३५ आर १९. इथे कडेची उंची उरली ८२ मिलिमीटर. रिम दोन इंचांनी वाढलं ते टायरच्या पोटात शिरून. बाहेरचा घेर जवळपास तोच ठेवावा लागतो, नाहीतर चाक मडगार्डला घासेल आणि स्पीडोमीटर चुकेल. त्यामुळे धातूसाठी जागा करायची तर ती हवेच्या वाट्यातूनच काढावी लागते.

आणि गाडीचं वजन पेलते ती हवाच. रबर आणि त्यातल्या दोऱ्या मुख्यतः हवेला कोंडून धरतात. हिशोब सोपा आहे. माणसांसह गाडी साधारण १,६५० किलोची धरली तर एका चाकावर ४१० किलो येतात. हवेचा दाब ३३ पीएसआय असेल तर तेवढं वजन तोलायला सुमारे १७८ चौरस सेंटिमीटर जागा रस्त्याला टेकलेली हवी. म्हणजे सव्वातेरा सेंटिमीटर बाजूचा एक चौकोन. ब्रेक, वळण, वेग, सगळं अशा चार चौकोनांवर चालतं.

यातून एक गोष्ट निघते आणि ती ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. टायर रुंद घेतला म्हणून रस्त्याला टेकणारं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. वजन तेच, दाब तोच, मग क्षेत्रफळही जवळपास तेच. बदलतो तो आकार: ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. कोरड्या रस्त्यावर वेगात वळताना आडवा ठसा खरंच कामाचा असतो, म्हणून शर्यतीच्या गाड्यांचे टायर रुंद असतात. पावसात मात्र तोच आकार अंगाशी येतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाताना दहा सेंटिमीटर लांबीचा ठसा रस्त्यावरच्या एका बिंदूवरून चार मिलिसेकंदांत निघून जातो. तेवढ्या वेळात पाणी खाचांतून बाहेर फेकलं गेलं पाहिजे. ठसा आखूड झाला की वेळ कमी होतो, आणि रुंद झाला की पाण्याला बाजूला जायला लांबचा पल्ला पडतो.

पाणी वेळेत हटलं नाही तर चाक त्यावर तरंगू लागतं. विमानांच्या चाकांवर प्रयोग करून नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ मध्ये यावर एक अहवाल मांडला. तरंगण्याचा वेग टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, असं त्यातून दिसलं. ते सूत्र वापरलं तर ३३ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो, आणि २५ पीएसआयला ८३. गाडीचा चांगल्या खाचांचा टायर याहून बरा वागतो, गुळगुळीत झालेला टायर वाईट. पण दिशा स्पष्ट आहे. "पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवा, पकड चांगली येते," हा सल्ला आपल्याकडे पंपापंपावर मिळतो. डांबरी रस्त्यावर तो उलटा आहे, आणि घाटात तर जिवावर बेतणारा.

आता खड्डा. खड्ड्याच्या कडेवर चाक आपटतं तेव्हा टायरची कड दबते. ११२ मिलिमीटर उंचीची कड जेवढं अंतर दबू शकते तेवढं ८२ मिलिमीटरची दबू शकत नाही. अंतर संपलं की रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये रबर अडकित्त्यातल्या सुपारीसारखं सापडतं. आतल्या दोऱ्या तुटतात. रबर वरून शाबूत दिसतं, पण दोऱ्यांचा आधार गेलेल्या जागी हवा ते बाहेर ढकलते. हाच तो फुगा. त्याला दुरुस्ती नाही. फुगा आलेला टायर "जपून चालवू, महिनाभर जाईल" म्हणून ठेवू नये, तो त्याच दिवशी काढावा.

रिमचं काय होतं, हे ते कसं बनलं यावर ठरतं. स्वस्त अलॉय म्हणजे साच्यात ओतलेलं ॲल्युमिनियम. ओतताना त्यात बारीक पोकळ्या राहू शकतात आणि मोठ्या धक्क्याने तडा तिथून सुरू होतो. घडवलेलं, म्हणजे फोर्ज्ड, रिम प्रचंड दाबाखाली ठोकून तयार होतं. धातूचे कण सलग राहतात, कमी धातूत तेवढीच ताकद मिळते, आणि ते तडकण्याआधी सहसा वाकतं. या दोन्हींच्या मधला प्रकार फ्लो फॉर्मिंगचा: मधला भाग ओतलेला आणि कड गरम असताना रोलरने ताणून पातळ केलेली. आपल्या रस्त्यांसाठी आणि खिशासाठी मला हा मधला मार्ग पटतो. नामांकित कंपनीच्या नक्षीची हुबेहूब नक्कल, चाचणीचा कसलाच ठसा नसलेली, घेऊ नये. जपानचा जेडब्ल्यूएल हा शिक्का निदान एवढं सांगतो की हे चाक ठरलेल्या चाचण्यांच्या हिशोबाने बनवलं आहे.

हलक्या चाकांबद्दल एक दावा दुकानातून नेहमी ऐकू येतो: चाकाचा एक किलो कमी केला म्हणजे गाडीचे दहा किलो कमी केल्यासारखं. भौतिकशास्त्र याला साफ नकार देतं. चाकाला पुढे ढकलायचं असतं आणि फिरवायचंही असतं, म्हणून त्याचं वजन थोडं जास्त मोजावं लागतं हे खरं. पण सगळं वजन अगदी बाहेरच्या घेरावर असतं तरी तो गुणक दोनच आला असता. प्रत्यक्षात तो दीडच्या आसपास असतो. हलक्या चाकाचा खरा फायदा वेगळाच आहे. चाक, टायर आणि ब्रेक हे स्प्रिंगच्या खाली असतात. तो भार जितका कमी, तितकं चाक उंचवट्यावरून उसळून लवकर परत रस्त्याला टेकतं. खडबडीत रस्त्यावर पोटातलं पाणी हलत नाही असं वाटतं, त्यात या किलो-दोन किलोंचा वाटा असतो.

भार अंकाकडेही कोणी बघत नाही. मूळ टायरवर ९४ होता, म्हणजे एका टायरला ६७० किलो. नव्यावर ९१, म्हणजे ६१५ किलो. शिवाय नवा टायर एक्सएल, म्हणजे जास्त भारासाठी जास्त हवा लागणाऱ्या प्रकारचा होता, आणि त्याची ६१५ किलोंची ताकद ४२ पीएसआय हवा भरल्यावरच मिळते. भाचा जुन्या सवयीने ३३ भरत होता. म्हणजे कड आधीच ठेंगणी, आणि तिच्या आधारालाही हवा अपुरी.

बसवण्याच्या बाबतीत तर मी अजिबात तडजोड करू नका म्हणेन. या गाडीचे पाच बोल्ट ११२ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात आणि हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, मधला गोल ६६.६ मिलिमीटरचा. बऱ्याच जपानी गाड्यांचं वर्तुळ ११४.३ चं, म्हणजे साडेचार इंचांचं. फरक फक्त २.३ मिलिमीटर, त्यामुळे "बसतंय की, थोडं जोर लावून" असं म्हणणारे भेटतात. चाकाला बोल्ट लटकवून धरत नाहीत. ते ताणलेल्या स्प्रिंगसारखे चाकाला हबवर दाबून ठेवतात. १४ मिलिमीटरचा बोल्ट १३० न्यूटन-मीटरने आवळला की तो सुमारे साडेचार टनांच्या जोराने दाबतो, आणि त्या दाबातून येणारं घर्षण चाक जागेवर ठेवतं. बोल्ट तिरका गेला की हा दाब असमान होतो. मर्सिडीझच्या बोल्टचं बूड गोलाकार असतं, बाहेरच्या कित्येक अलॉयची भोकं मात्र शंकूच्या आकाराची. गोल बूड शंकूत टेकतं ते फक्त एका बारीक कड्यावर, आणि असा बोल्ट हळूहळू सैल होतो. चाकाबरोबर त्याला जुळणारे बोल्ट घेणं ही चैन नव्हे. मधलं भोक मोठं असेल तर योग्य मापाची हब रिंगही लागते, नाहीतर शंभरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि अलाइनमेंटवाल्याकडे व्यर्थ खेपा होतात.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं. निर्मात्याने त्या मॉडेलसाठी दिलेल्या मापांतून निवडलं की हा प्रश्न उरत नाही.

भाच्याला मी १८ इंचांवर थांब म्हटलं होतं. २२५/४५ आर १८ हे मापही या गाडीला निर्मात्यानेच दिलेलं आहे, आणि बाहेरच्या व्यासात जेमतेम तीन मिलिमीटरचा फरक पडतो. त्याने स्वतः हिशोब मांडला आणि १७ वर परत गेला: फ्लो फॉर्मिंगचे हलके रिम, भार अंक ९४ चे टायर, गोल बुडाचे बोल्ट. दुकानात त्याने प्रत्येक टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचून घेतले. पहिले दोन टायर बनला त्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. एक टायर तीन वर्षांपूर्वीचा निघाला, तो त्याने बदलून मागितला. हवेचा दाब किती ठेवायचा हे पेट्रोलच्या झाकणाच्या आत छापलेलं असतं, हे त्याला तोवर माहीत नव्हतं. आता तो दर पंधरा दिवसांनी सकाळी, गाडी हलवण्याआधी, तिथे बघून हवा तपासतो. टायर गरम झाल्यावर मोजलं तर दर दहा अंशांमागे दीड पीएसआयहून थोडं जास्तच दिसतं, आणि मग माणूस हवा काढून टाकतो.