खारट मातीतलं कॅडमियम झाडांकरवी उपसताना

‘अमुक झाडं लावा, ती जमिनीतलं सगळं विष शोषून घेतात’ असे संदेश अधूनमधून फिरत असतात. त्यातलं ‘शोषून घेतात’ बऱ्याच अंशी खरं आहे. गफलत त्याच्या पुढे होते. तेलाचा किंवा कीटकनाशकाचा रेणू जिवाणू तोडू शकतात. कॅडमियम, शिसं, जस्त हे धातू म्हणजे मूलद्रव्यं, त्यांचे तुकडे कोणतीच सजीव पेशी पाडू शकत नाही. झाडाने उचललेलं कॅडमियम पानाखोडात कॅडमियम म्हणूनच राहतं आणि पान तिथेच गळलं की परत मातीत जातं. म्हणून पीक कापून शेताबाहेर नेणं हाच या पद्धतीचा गाभा आहे.

धातूंनी बिघडलेल्या कित्येक जमिनी खारटही असतात, कारण सांडपाण्यात किंवा खाणीच्या गाळात दोन्ही एकत्र येतात. धातू साठवण्यात तरबेज असलेल्या मोहरीकुळातल्या चिमुकल्या वनस्पती अशा जागी सहसा तग धरत नाहीत. तिथे क्षारसहिष्णू वनस्पती कामाला येतात. लिटरला सुमारे १२ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यावरही त्या उगवण्यापासून बी धरण्यापर्यंतचं सगळं आयुष्य पुरं करतात. एकूण वनस्पतींत त्यांचा वाटा जेमतेम एक टक्का.

गंमत अशी की इथे मीठ अडथळाही आहे आणि मदतनीसही. चिकणमातीच्या कणांवर आणि सेंद्रिय द्रव्यावर ऋण प्रभार असतो. कॅडमियमच्या आयनावर दोन धन प्रभार, त्यामुळे तो तिथे चिकटून बसतो आणि मुळांच्या हाती लागत नाही. मातीतल्या पाण्यात क्लोराइड वाढलं की त्याचा एक आयन कॅडमियमला जोडला जातो आणि प्रभार दोनाचा एक होतो. दुसरा जोडला गेला की शून्य. प्रभार गेला की कणाची पकड सुटते आणि कॅडमियम पाण्यात मोकळं होतं. १९९४ साली ऑस्ट्रेलियातल्या शेतांमधल्या बटाट्यांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं: जमिनीतलं क्लोराइड जास्त, तिथे बटाट्यातलं कॅडमियमही जास्त. शिशाची क्लोराइडशी जोडी इतकी घट्ट जमत नाही. ते सेंद्रिय द्रव्य, कार्बोनेट आणि फॉस्फेट यांच्यात अडकून राहतं.

मोकळं झालेलं कॅडमियम मुळांत शिरतं ते कॅल्शियम, लोह आणि जस्त यांच्यासाठी असलेल्या वाटांनी. आत गंधकयुक्त फायटोकेलॅटिन रेणू त्याला पकडतात आणि पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, नेऊन टाकतात. झाऊसारख्या काही वनस्पती एक पाऊल पुढे जातात. झाऊच्या पानावरची मीठग्रंथी आठ पेशींची असते. खालच्या दोन पेशी पानातून द्रव गोळा करतात, उरलेल्या सहा तो बाहेर टाकतात. भोवती मेणचट क्युटिकलचं वेष्टण असतं आणि त्याला वरच्या बाजूस बारीक छिद्रं असतात. बाहेर आलेलं पाणी उडून जातं आणि पानावर पांढरे कण उरतात. ही ग्रंथी चोखंदळ नाही. सोडियमबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि कॅडमियमसुद्धा ती ढकलून देते. क्रीट बेटावरच्या संशोधकांनी २००८ मध्ये झाऊच्या एका जातीत मोजून दाखवलं की मातीत मीठ वाढवलं की पानांवाटे बाहेर पडणारं कॅडमियमही वाढतं. जीवशास्त्र म्हणून हे देखणं आहे, पण शेतावर मात्र डोकेदुखी. वाऱ्याने आणि पावसाने ते कण पृष्ठभागावर पडतात, म्हणजे खोलवरचं विष वर येऊन पसरतं. त्यामुळे धातू उपसायला झाऊपेक्षा मीठ पानातच साठवणाऱ्या सेसुव्हियम आणि सुएडा या मांसल वनस्पती बऱ्या.

आता हिशोब. एक हेक्टर जमीन, वरचा २० सेंटीमीटरचा थर, घनता १.३ धरली तर माती २,६०० टन. कॅडमियम किलोला ३ मिलिग्रॅमवरून १ वर आणायचं तर ५.२ किलो धातू बाहेर काढावा लागेल. वर्षाला १० टन सुका पाला मिळाला आणि त्यात किलोमागे २० मिलिग्रॅम कॅडमियम असलं, तरी हाती लागतात २०० ग्रॅम. म्हणजे २६ वर्षं, तीही वेग कायम राहिला तर. ‘एका हंगामात जमीन शुद्ध’ म्हणणाऱ्यांना एवढंच गणित करायला सांगावं. ताज्या वजनालाही फसू नये, मांसल पानात बहुतांश पाणीच असतं. वेग वाढवायला ईडीटीए हे धातूला कणांपासून सोडवणारं रसायन ओतण्याची युक्ती आहे, पण सुटलेला धातू झाडाआधी भूजलात पोचण्याची भीती असते.

लागवडीआधी ०–२० आणि २०–४० सेंटीमीटर थरांचे नमुने वेगळे घ्या. एकूण धातूबरोबर डीटीपीए या रसायनाने सुटणारा, म्हणजे मुळांना मिळू शकणारा धातू, सामू आणि विद्युतवाहकताही तपासून घ्या. पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची (संपृक्त अर्काची) वाहकता ४ डेसिसीमेन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन खारट समजतात. बी थेट खारट मातीत टाकलं की उगवण मार खाते, कारण बहुतेक क्षारसहिष्णू वनस्पतींचं बीसुद्धा गोड्या पाण्यातच चांगलं रुजतं. रोपं गोड्या पाण्यावर वाढवून लावावीत. सेसुव्हियमच्या कांड्या पेरांपाशी सहज मुळं धरतात. कापणी पानगळीआधी करा आणि जमिनीपासून थोडं वर कापा, नाहीतर पाल्याला माती लागून आकडे फुगतात. गुरांना कुंपण हवंच, कारण या पाल्यावर ती तुटून पडतात. पाला उघड्यावर तर मुळीच जाळू नये. त्यात क्लोराइड भरपूर असतं आणि कॅडमियम क्लोराइड आगीच्या उष्णतेने वायुरूप होऊन धुरात जातं. वाळवून, वजन कमी करून तो घातक कचरा म्हणूनच सोपवावा.

शिशासाठी हा मार्ग जवळपास बंद समजा. तिथे धातू मुळांपाशीच अडकवून ठेवणारी दाट, बारमाही झाडी लावून धूळ आणि धूप रोखणं शहाणपणाचं.

कॅडमियमच्या बाबतीत एक पेच उरतो. २००७ च्या एका अभ्यासात सुएडा आणि सेसुव्हियम यांनी चार महिन्यांत हेक्टरी अनुक्रमे ५०४ आणि ४७४ किलो मीठ उचललं होतं. मीठ असं घटत गेलं की क्लोराइड घटतं, कॅडमियम पुन्हा मातीच्या कणांना चिकटतं आणि पाल्यातलं प्रमाण उतरतं. म्हणून दर कापणीनंतर पाल्यातलं कॅडमियम आणि मातीतलं डीटीपीएने सुटणारं आणि एकूण कॅडमियम शेजारी शेजारी लिहून ठेवावं. पाल्यातलं आणि डीटीपीएने सुटणारं घटतंय, पण मातीतलं एकूण कॅडमियम फारसं हललेलं नाही, असं दिसलं तर धातू पुन्हा कणांना धरून बसलाय असं समजावं. तिथे खाद्यपीक घ्यायचं की नाही, हे त्या पिकाच्या खाल्ल्या जाणाऱ्या भागातलं कॅडमियम मोजूनच ठरवावं, आणि त्याआधी खारट पाण्याने ओलीत करणं बंद करावं.