सगळे टॅग एकदम बोलले, तर रीडर ऐकणार कोणाचं?

चिखलीची गोवा रिव्हर मॅरेथॉन असो की आणखी कुठली शर्यत, धावपटूच्या छातीवरच्या नंबराच्या कागदामागे बहुतेक वेळा एक चपटी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यात जीपीएस असतं आणि उपग्रह आपली वेळ मोजतो, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. २०१६ साली दोन हजारांच्या नव्या नोटेत जीपीएसची चिप असल्याची अफवा पसरली होती, तिच्याच कुळातली ही समजूत. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून आपल्याशी फक्त बोलतात, खालच्या कोणा धावपटूचं ऐकत नाहीत. आणि या पट्टीत तर बॅटरीसुद्धा नसते.

ती असते आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओलहरींनी ओळख पटवणारी पट्टी. रस्त्यावर अंथरलेल्या चटईत अँटेना असतात. रीडर, म्हणजे टॅग वाचणारं यंत्र, त्यांतून ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरी सोडतो. त्या लहरींवरच टॅगचं पोट भरतं, आणि त्याच लहरी कमीजास्त परतवून टॅग आपला क्रमांक कळवतो. पल्ला फार तर काही मीटर. गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही याच जातीचा. पण टोलच्या रांगेत गाड्या एकामागून एक येतात. शर्यत सुटते तेव्हा मात्र शे-दीडशे माणसं खांद्याला खांदा लावून एकदम चटईवरून जातात. सगळ्या टॅगांनी एकाच वेळी उत्तर दिलं, तर रीडरच्या कानी नुसता गोंगाट पडेल.

ग्रामसभेत दहाजण एकदम बोलायला उठले, की निदान एकमेकांचे आवाज ऐकून कोणीतरी खाली बसतो. टॅगला तीही सोय नाही. शेजारच्या टॅगचं क्षीण उत्तर त्याला ऐकूच येत नाही, त्यामुळे ‘वाट मोकळी दिसली की बोल’ हा वायफायचा शिरस्ता इथे कामाचा नाही. बरं, रीडरने नाव घेऊन एकेकाला उठवावं, तर समोर कोण आलंय हे त्याला कुठे ठाऊक असतं?

यावरचा तोडगा हवाई बेटांवरून आला. तिथल्या विद्यापीठातले नॉर्मन अब्रॅमसन (सर्फिंगचे शौकीन, गोव्यात रमले असते) यांनी १९७१ साली बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओने मुख्य संगणकाला जोडली. त्या जाळ्याचं नाव अलोहा. नियम सोपा: वाटेल तेव्हा पाठवा, टक्कर झाली तर मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा पाठवा. या पद्धतीत फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो. पुढे वेळेचे ठरावीक तुकडे पाडले, आणि बोलायला सुरुवात करायची ती तुकड्याच्या आरंभीच, अशी अट घातली. तेवढ्याने हा आकडा दुप्पट झाला.

टॅग आजही हेच करतात, पण त्यातली एक खुबी मला भारी आवडते. रीडर आधी ‘क्यू’ नावाचा एक आकडा जाहीर करतो. क्यू ४ असेल तर २ चा ४ था घात, म्हणजे १६ तुकडे. प्रत्येक टॅग मनातल्या मनात ० ते १५ मधला एक आकडा धरतो. ज्याचा शून्य, त्याने लगेच बोलायचं. मग रीडर ‘पुढे’ म्हणतो, की बाकीचे आपापल्या आकड्यातून एक वजा करतात. आता शून्यावर आला त्याची पाळी. पाळी आलेला टॅग आपला पूर्ण क्रमांक सांगत नाही. तो फक्त १६ बिटांचा (म्हणजे ० किंवा १ अशा सोळा खुणांचा), त्या घडीला मनात आलेला एक आकडा पाठवतो. रीडरला तो स्वच्छ ऐकू आला तर रीडर तोच उलट उच्चारतो, आणि आपला आकडा ओळखणारा टॅगच मग बहुधा ९६ बिटांचा खरा क्रमांक देतो. टक्कर झालीच तर ती १६ बिटांची होते, ९६ बिटांची नव्हे. ज्यांची टक्कर झाली ते पुढच्या फेरीपर्यंत गप्प. वाचून झालेला टॅग स्वतःवर ‘झालं’ अशी खूण करून बाजूला होतो.

आता थोडं गणित. १६ टॅग आणि १६ तुकडे असतील, तर एखाद्या तुकड्यात नेमका एकच टॅग बोलण्याची शक्यता (१५/१६) चा १५ वा घात, म्हणजे सुमारे ०.३८. एका फेरीत सरासरी सहा तुकडे कामी येतात, जवळजवळ तितकेच रिकामे जातात, आणि चारेक तुकड्यांत टक्कर होते. टॅग आणि तुकडे दोन्ही वाढवत नेले तर ही शक्यता १/e, म्हणजे ०.३७ वर येऊन टेकते. इथला e म्हणजे गणितातला एक ठरावीक आकडा, सुमारे २.७१८. पण टॅग १०० आणि तुकडे १६ च असले, तर सबंध फेरीत सरासरी एकही टॅग धड वाचला जात नाही! क्यू ७ केला की तुकडे होतात १२८, आणि त्याच गर्दीतले ४६ टॅग पहिल्याच फेरीत हाती लागतात.

समोर किती टॅग आहेत हे मोजायची रीडरला गरजच पडत नाही. टक्करी वाढल्या की तो क्यू चढवतो, तुकडे रिकामे जाऊ लागले की उतरवतो. रिकामा तुकडा स्वस्तातही पडतो: उत्तर येत नाही असं दिसताच रीडर पुढे सरकतो. अशा रीतीने सेकंदाला शेकडो टॅग वाचून होतात.

म्हणून आपली वेळ नोंदलीच गेली नाही, तर दोष गर्दीतल्या टक्करींचाच असेल असं नाही. संशय आधी अंगातल्या पाण्यावर घ्यावा. या लहरी पाणी शोषून घेतं, आणि माणसाच्या शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पाणीच. नंबर दुमडून कमरेच्या पट्ट्याला, पाण्याच्या बाटलीखाली लावला, तर टॅगपर्यंत पुरेशी ऊर्जा पोचतच नाही. मग तो कुठल्याच तुकड्यात बोलत नाही. नंबर छातीवर, सपाट लावावा.