फिलेनस वंशाचे वर्गीकरण : पार्श्वभूमी

फिलेनस हा फेसकिड्यांचा, म्हणजे पिल्ले फेसात वाढणाऱ्या रसशोषक कीटकांचा, एक वंश. त्यातली सर्वांत परिचित जात, स्प्युमेरियस, १७५८ साली लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथात सिकाडा वंशात नोंदवली गेली. त्याच ग्रंथात ल्यूकोफ्थॅल्मा, लॅटरॅलिस वगैरे नावांनी आलेले कीटक म्हणजे याच जातीची रंगरूपे होती. पाठीवरच्या पट्ट्या-ठिपक्यांवर भिस्त ठेवल्याने पुढेही नावांची भर पडत गेली. आज ११ मुख्य रंगरूपे मानतात. फिलेनस वंश १८६४ मध्ये वेगळा झाला, तरी उत्तर अमेरिकेतल्या जुन्या लिखाणात स्प्युमेरियससाठी फिलेनस ल्यूकोफ्थॅल्मस हेच नाव भेटते, आणि युरोपच्या जुन्या याद्यांतला अफ्रोफोरा स्प्युमेरिया बहुधा आजचा अफ्रोफोरा अल्नी, म्हणजे वेगळ्याच वंशातला फेसकिडा, असतो.

खरी उकल नराच्या जननेंद्रियांनी झाली. पोटाचे टोक कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करायचे, पाण्याने धुवायचे आणि ग्लिसरिनमध्ये फिरवत शिश्नाच्या टोकाची उपांगे पाहायची. द्रावणात जास्त वेळ राहिले तर कडा इतक्या पारदर्शक होतात की उपांगांचे वळण दिसत नाही. या पद्धतीवर विसंबून १९९१ ते २००१ या काळात लूकासी, अर्सलानी, मॅग्रेसिग्नस, इटालोसिग्नस आणि टॅरिफा या जाती वर्णिल्या गेल्या. स्प्युमेरियस आणि सिग्नेटस असे दोन गट पडले. दुसऱ्या गटाची पिल्ले ॲस्फोडेल या कंदवर्गीय झाडावर वाढतात.

सगळा वाद टेसेलॅटसवर येऊन अडतो. माघ्रेब (वायव्य आफ्रिका) आणि दक्षिण इबेरियातला (स्पेन-पोर्तुगाल) हा कीटक बराच काळ स्प्युमेरियसमध्येच मोजला जाई. २००० मध्ये उपांगांच्या आकारावरून त्याला पुन्हा स्वतंत्र जात मानले गेले. पण मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या घटकातल्या) डीएनएचे काही प्रकार दोघांत सामायिक निघाले. विभाजन अलीकडचे असेल किंवा संकर झाला असेल, तर असे होऊ शकते. शिवाय मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. म्हणून केवळ या पुराव्यावर जात रद्द करणे घाईचे ठरते, आणि केवळ उपांगांवर ती पक्की धरणेही तितकेच घाईचे.

२०१३ मध्ये इटलीच्या पुलिया भागात ऑलिव्हवर झायलेला हा झाडे वाळवणारा जीवाणू सापडला, स्प्युमेरियस त्याचा मुख्य वाहक ठरला आणि हा जुना प्रश्न शेतापर्यंत आला. प्रयोगांत इटालोसिग्नसही जीवाणू वाहून नेऊ शकतो असे दिसले. जिथे दोन जाती एकत्र आढळतात, तिथे जाळ्यात आलेल्या मादीला फक्त रंगावरून जातीचे नाव देऊ नये. सोबतचा नर तपासावा, नाहीतर नोंद ‘फिलेनस, जात अनिश्चित’ अशी करावी.