थोरली ख्वे आणि धाकटी ख्वे: कांचनबुरीत कुठली नदी कशासाठी बघायची

थायलंडमधल्या कांचनबुरीला जाऊन आलेल्या माणसाला नदीचं नाव विचारलं की 'क्वाय' हे उत्तर ठरलेलं. पण या नावाची नदी तिथे नाही. तिथे दोन नद्या आहेत, ख्वे याई आणि ख्वे नोई. थाई भाषेत 'ख्वे' म्हणजे उपनदी, 'याई' म्हणजे मोठी आणि 'नोई' म्हणजे लहान. आपल्याकडच्या शब्दांत थोरली ख्वे आणि धाकटी ख्वे. 'क्वाय' म्हटलंत तर थाई माणसाच्या कानाला ते 'ख्वाय' वाटतं, आणि ख्वाय म्हणजे म्हैस. प्रश्न नुसत्या उच्चाराचा असता तर एवढं लिहिलं नसतं. पण या घोळामुळे लोक एकाच नदीवर थांबतात, पुलाचा फोटो काढतात आणि ज्या इतिहासासाठी आले तो न बघताच परततात.

बँकॉकच्या पश्चिमेला साधारण १३० किलोमीटरवर कांचनबुरी. नावात आपली कांचनपुरी सरळ दिसते. दोन्ही नद्या शहरातच, पाक फ्रेक इथे एकत्र येतात. तिथून पुढे नदीचं नाव मे क्लाँग, आणि ती थायलंडच्या आखाताला मिळते.

प्रसिद्ध पूल आहे तो थोरलीवर. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, जपानी सैन्याने ब्रह्मदेशाकडे जाणाऱ्या रेल्वेसाठी तो युद्धकैद्यांकडून बांधून घेतला, तेव्हा त्याखालच्या पाण्याला मे क्लाँग म्हणत. ज्या नदीच्या काठाने ही रेल्वे पुढे जाते ती धाकटी. तिचंच नाव पिअर बूल या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीत पुलाला चिकटलं, १९५७ च्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या चित्रपटाने ते जगभर नेलं, आणि पर्यटक क्वायवरचा पूल शोधत येऊ लागले. शेवटी १९६० च्या सुमारास संगमाच्या वरच्या मे क्लाँगलाच ख्वे याई हे नाव दिलं गेलं. चित्रपट मात्र श्रीलंकेत चित्रित झाला होता.

पुलावर गेलात तर कमानींकडे नीट बघा. बहुतेक लोखंडी कमानी गोलसर आहेत, त्या जावाहून आणलेल्या. मधल्या दोन सरळ कोनांच्या आहेत. बॉम्बहल्ल्यात पडलेल्या भागाच्या जागी युद्धानंतर बसवलेल्या त्या. पूल कुठे तुटला होता ते सांगायला वेगळी पाटी लागत नाही.

याईचं दुसरं वैभव म्हणजे एरावनचा धबधबा. एरावन म्हणजे आपला ऐरावत, थाई परंपरेत तीन सोंडांचा. धबधबा सात टप्प्यांत उतरतो. पाण्यात चुना विरघळलेला असल्याने डोह निळसर-हिरवे दिसतात, आणि पाय सोडून बसलं की मासे चावे घ्यायला येतात. वर श्रीनगरिंद्र धरण आहे. निसर्ग हवा असेल तर थोरलीकडेच जा.

पण ज्या रेल्वेमुळे हे सगळं प्रसिद्ध झालं, तिची खरी कहाणी धाकटीच्या काठी आहे. बान पाँगपासून ब्रह्मदेशातल्या थानब्युझयातपर्यंत ४१५ किलोमीटरचा मार्ग १९४२-४३ मध्ये साधारण सव्वा वर्षात उरकला गेला. साठ हजारांच्या वर युद्धकैदी राबले, त्यातले बारा हजारांहून अधिक मेले. त्याहून कितीतरी जास्त होते आशियाई मजूर. मलायाच्या रबर मळ्यांतून नेलेले तमिळ त्यांत मोठ्या संख्येने होते. या मजुरांपैकी नव्वद हजारांच्या आसपास मेले असावेत असा अंदाज आहे. कैद्यांच्या कबरी आखीवरेखीव दफनभूमींत आहेत, एक शहरात आणि दुसरी नोईच्या काठावर चुंगकाईला. मजुरांच्या नावांचे असे दगड नाहीत. भारतीय म्हणून तिथे उभं राहताना हे मनाला फार लागतं.

नोईच्याच काठी प्रासात मुआंग सिंग आहे, ख्मेर काळातलं बौद्ध देवस्थान, सातएकशे वर्षांहून जुनं. बांधकाम जांभ्याचं. कोकणातल्या चिऱ्याच्या भिंती बघितलेल्या माणसाला तो खडबडीत तांबडा दगड लगेच ओळखू येतो.

रस्त्यांतही गल्लत होते. एरावनला जाणारा ३१९९ क्रमांकाचा रस्ता याईच्या बाजूने वर जातो. साय योकचे धबधबे, कैद्यांनी रेल्वेसाठी खोदलेली हेलफायर पासची खिंड आणि ब्रह्मदेशाच्या सीमेजवळचं सांगखलाबुरी ३२३ क्रमांकाच्या रस्त्यावर, म्हणजे नोईच्या अंगाला. एका दिवसात दोन्ही गाठायचा हट्ट करू नका, अर्धा दिवस गाडीतच जाईल.

एकच दिवस असेल तर माझं मत रेल्वेला. कांचनबुरीहून नाम तोकला जाणारी साधी गाडी आधी याईवरचा तो पूल ओलांडते, मग बऱ्याच वेळाने नोईला येऊन मिळते. थाम क्रासेला एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला खाली नदी, मधून लाकडी खांबांवरचा रूळ. गाडी अगदी हळू होते, खडक हाताशी येतो, फळ्यांची करकर डब्यात ऐकू येते. जाताना डाव्या हाताची खिडकी धरा, नदी त्याच बाजूला आहे.