कमी-अधिक वेगाच्या दोन लाइनींवर ट्रॅफिकची वाटणी

मुख्य कार्यालय आणि गोदाम यांना जोडणारी लीज्ड लाइन (डेटासाठी भाड्याने घेतलेली स्वतंत्र लाइन) बंद पडली तर काम अडू नये, म्हणून आमच्या अनेक ग्राहकांनी दुसरी, कमी वेगाची लाइन घेऊन ठेवली आहे. तिचे भाडे नियमित भरले जाते, पण पहिली लाइन चालू असेपर्यंत ती बहुधा रिकामीच असते. दोन्ही लाइनी एकाच वेळी वापरता येतात. मात्र त्यासाठी राउटरला, म्हणजे डेटा कोणत्या लाइनीने पाठवायचा ते ठरवणाऱ्या उपकरणाला, दोन्हींचा खरा वेग सांगावा लागतो आणि नेमके तेच बरेचदा राहून जाते.

समजा, एक लाइन १० एमबीपीएसची आणि दुसरी ४ एमबीपीएसची आहे, पण दोन्ही राउटरच्या १०० एमबीपीएसच्या पोर्टला जोडलेल्या आहेत. राउटर पोर्टचा वेग खरा धरतो, दोन्ही मार्ग सारखेच मानतो आणि ट्रॅफिक निम्मे-निम्मे वाटतो. परिणामी एकूण ट्रॅफिक ८ एमबीपीएसच्या पुढे जाताच लहान लाइन तुंबते, आणि त्याच वेळी मोठ्या लाइनीवर ६ एमबीपीएस जागा मोकळी पडून असते.

म्हणून आम्ही प्रथम प्रत्येक पोर्टवर करारातील वेग नोंदवतो. सिस्कोच्या राउटरवरील ईआयजीआरपी हा मार्ग निवडणारा प्रोटोकॉल वेग आणि विलंब यांवरून मार्गाचा खर्च, म्हणजे मेट्रिक, काढतो. वरील उदाहरणात, मार्गावरील एकूण विलंब २०० मायक्रोसेकंद धरल्यास, मोठ्या लाइनीचे मेट्रिक २,६१,१२० आणि लहान लाइनीचे ६,४५,१२० येते, म्हणजे सुमारे अडीच पट. सर्वोत्तम मार्गाच्या किती पट मेट्रिकपर्यंतचे मार्ग वापरायचे हे ठरवणारी व्हेरिअन्स ही सेटिंग मुळात १ असल्यामुळे एवढे केल्यावर फक्त मोठी लाइनच वापरली जाते. व्हेरिअन्स ३ केल्यावर लहान लाइनही कामाला लागते आणि वाटणी साधारण ५:२ या प्रमाणात होते. ओएसपीएफ हा मार्ग निवडणारा दुसरा प्रोटोकॉल मात्र फक्त समान खर्चाच्या मार्गांवर वाटणी करतो, त्यामुळे तेथे हा उपाय चालत नाही.

दुसरा मार्ग तिसऱ्या शाखेतून फिरून येत असेल, तर आणखी एक अट लागू होते. त्या शाखेने कळवलेले अंतर, म्हणजे तिथून पुढचे मेट्रिक, आपल्या सर्वोत्तम मार्गाच्या अंतरापेक्षा कमी असावे लागते, नाहीतर व्हेरिअन्स कितीही वाढवला तरी राउटर तो मार्ग घेत नाही. ही आडमुठी वाटणारी अट डेटा दोन राउटरांमध्ये गोल फिरत राहू नये म्हणून आहे आणि ती बदलता येत नाही.

यानंतर १४ एमबीपीएसने एकच मोठी फाइल उतरेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. एका संगणकाचे दुसऱ्या संगणकाशी चाललेले संभाषण राउटर एकाच लाइनीवर ठेवतो, कारण त्यातील पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, दोन वाटांनी पाठवल्यास ती मागेपुढे पोहोचतात, काही हरवली असा टीसीपीचा (पॅकेट नीट पोहोचली का हे पाहणाऱ्या प्रोटोकॉलचा) समज होतो आणि पाठवणारा संगणक वेग कमी करतो. त्यामुळे रात्रीचा एकटा बॅकअप पूर्वीपेक्षा लवकर संपणार नाही; दिवसा पंधरा-वीस जण एकाच वेळी काम करत असताना मात्र फरक जाणवेल.

मुख्य कार्यालयातील राउटर फक्त बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकची वाटणी ठरवतो, परतीची वाटणी गोदामातील राउटर करतो. म्हणून आम्ही दोन्ही ठिकाणी, कामाची वेळ संपल्यावर, हे बदल करतो. भेटीच्या वेळी दोन्ही लाइनींचे करार हाताशी ठेवावेत. पोर्टवर छापलेल्या आकड्याचा या कामी उपयोग होत नाही.